जॉबरकाकांची तुकडी

लढाईत माणूस गोळी लागून मरतो असा माझा समज होता. जॉबरकाका मात्र बहुतेक वेळा गाडी रिव्हर्स घेताना मरायचे.

ही लढाई अर्थात मोबाईलवरची. चौघांच्या तुकडीने विमानातून उड्या मारायच्या, ओसाड घरांतून बंदुका गोळा करायच्या आणि दुसऱ्या तुकड्यांनी आपल्याला संपवायच्या आत आपण त्यांना संपवायचं. आमची तुकडी भिवंडीजवळच्या राहनाळच्या एका गोडाऊनमधली होती. फोर्कलिफ्ट चालवणारा इम्रान, रॅकवर माल लावणारा कल्पेश, पडघ्याहून येऊन दिवसभर बारकोड स्कॅन करणारी मी, आणि डॉकवर, म्हणजे माल चढवा-उतरवायच्या ओट्यावर, कंटेनर लावून घेणारे जॉबरकाका. आम्ही तिघं पंचविशीच्या आसपासचे आणि काका साठीकडे झुकलेले. त्यांच्या मुलीने तिचा जुना मोबाईल त्यांना दिला तेव्हा ही गेम त्यात तशीच राहून गेली होती. काकांना वाटलं की ती मोबाईलबरोबरच येते.

तर ती गाडी. मैदानावर जीप मिळाली की काका ती चालवायला घेत, कारण तुकडीचे म्होरके ते. धुवांधार गोळीबारातून ते आम्हाला एखाद्या भिंतीपर्यंत आणत. आम्ही टुणकन उड्या मारून आडोशाला जात असू. काका उतरायचेच नाहीत. जीप पुढे घे, मागे घे, पुन्हा थोडी पुढे, असं करत तिचं तोंड रस्त्याकडे करून ती भिंतीला समांतर लावत बसायचे. तोवर पलीकडच्या डोंगरावरचा कुणीतरी त्यांना निवांत टिपायचा. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये मी त्यांना विचारलं, "काका, जीव जात असताना पार्किंग कसलं करता?"

"गाडी नेहमी तोंड भायेर करून लावायची, बाय," ते डाळीत भात कालवत म्हणाले. "पलायची येल आली तर मंग तोंड फिरवत बसशील काय?"

पळायला आपण जिवंत असावं लागतं, एवढी साधी गोष्ट त्यांना पटवण्यात माझी दोन वर्षं गेली.

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते तिथेच असायचं. तीस वर्षं त्यांनी भिवंडीत यंत्रमागाच्या कारखान्यांत काढली होती. बिघडलेला माग ठीक करणारा तो जॉबर. कारखाना बंद पडला, शेड विकली गेली आणि काका गोडाऊनमध्ये आले. हुद्दा गेला तरी नाव चिकटून राहिलं. इम्रान त्यांना चाचा म्हणायचा, कल्पेश दादा म्हणायचा, मी काका. ते मला बाय म्हणत.

मागांच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, त्यामुळे कारखान्यातली माणसं हातांनी बोलतात. दोन बोटं कात्रीसारखी केली की धागा तुटला. मूठ वळून मनगट फिरवलं की माग बंद कर. डोक्यावर तळहात ठेवला की शेठ आला. काकांनी ही भाषा डॉकवर आणली आणि तिथे ती सोन्यासारखी चालली. कंटेनरचा ड्रायव्हर तमिळ असो की पंजाबी, काका त्याच्या आरशात दिसतील असे उभे राहत आणि चार बोटांत पन्नास फुटांचं धूड डॉकच्या रबराला अलगद टेकवत. दुसरे लोक शिट्ट्या फुंकत, पत्रा बडवत, आईबहीण काढत. काकांच्या डॉकवर सगळं कसं देवळासारखं शांत असायचं.

हीच भाषा त्यांनी गेममध्येही आणली. जेवणाच्या सुट्टीत समोरासमोर बसून खेळायचो तेव्हा ठीक होतं. ते हात करत, आम्ही बघून घेत असू. पण संध्याकाळी आठ वाजता आपापल्या घरून खेळताना? एकदा आमची तुकडी सपशेल मार खाऊन आली आणि दुसऱ्या दिवशी काका आमच्यावरच चिडलेले.

"मी यवढे हात करतोय, थांबा म्हनून, आनि तुमी सरल पुलावर. कोनी बगितलंच न्हाय."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. इम्रानने अगदी सांभाळून विचारलं, "चाचा, हात किसको किया?"

"मोबाईलला," काका म्हणाले. म्हणताना त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण पुढे त्यांनी बराच वेळ ताक पिण्यात घालवला.

डावपेचांच्या बाबतीत मात्र त्यांच्याशी वाद घालायची सोय नव्हती. उतरायचं ते नकाशावरच्या गोडाऊनमध्येच. दुसरी पोरं किल्ल्यावर उतरत, बंदरावर उतरत, काका आम्हाला गोडाऊन दाखवत. "गोडाऊनला दोन दारं असतात, एक मानसाचं, एक मालाचं. लोकं मालाच्या दारावर नजर ठेवतात." हे खरंच निघायचं. पण आत गेल्यावर ते तिथल्या डॉकची तपासणी सुरू करत. डॉकला रबर नाही, उतार चुकलाय, इथे चाळीस फुटी गाडी वळणार कशी. एकदा त्यांनी सगळा खेळ एका कंपनीच्या बेअक्कलपणावर चडफडण्यात घालवला. ती कंपनी अस्तित्वातच नव्हती.

चौघांनी कधी एका घरात शिरायचं नाही. दोघांनी पुढे, एकाने बाजूला आणि एकाने पाठ राखायची. पाठ राखायचं काम कायम स्वतःकडे. त्यासाठी त्यांचं सगळ्यात लाडकं बटण म्हणजे डोळ्याचं. ते दाबून बोट फिरवलं की आपला सैनिक पुढेच चालत राहतो आणि कॅमेरा मात्र गरकन फिरून मागचं दाखवतो. आम्ही ते बटण वापरतच नसू. काका त्यावरून अंगठा काढत नसत. त्यांचा सैनिक सरळ चालायचा आणि काका सारखे डावी-उजवीकडे, मागे, वर, पुन्हा मागे बघत असायचे. त्यांचा स्क्रीन शेजारी बसून पाहिला तर दोन मिनिटांत मळमळायला लागे.

कॅमेरा किती जोरात फिरावा त्याचा आकडा असतो. माणूस तो एकदा लावतो आणि विसरतो. काका रोज खेळाआधी तो एका आकड्याने वर नाहीतर खाली करायचे, मग स्क्रीनवर अंगठा फिरवून बघायचे, पुन्हा परतवायचे. "आज जरा वढ जास्त हाय," म्हणायचे. मागाचा स्क्रू पिळायची सवय, दुसरं काय. आमची पाच मिनिटं त्यात जायची आणि कल्पेशचा जीव खाली-वर व्हायचा.

त्यांना सैनिकाच्या पाठीमागून दिसणारा कॅमेरा लागायचा. आपण भिंतीच्या आड आणि डोळा मात्र भिंतीच्या बाहेर, ही सोय त्यांना फार पसंत होती. दुसऱ्या प्रकारात सैनिकाच्या डोळ्यांतून जेवढं दिसेल तेवढंच दिसतं. चांगले खेळाडू तोच प्रकार खेळतात, असं सांगून आम्ही एकदा त्यांना त्यात ओढलं. तीन मिनिटांत ते बाहेर पडले.

"ह्यात आपली पाठच दिसत न्हाय," ते म्हणाले. "आपली पाठ दिसत न्हाय तो खेल खेलायचाच कशाला?"

एवढं सगळं पाठीमागे बघूनही त्यांची मोठी पंचाईत व्हायची ती घरात शिरलेल्या शत्रूची. या गेममध्ये पावलं ऐकू येतात. कुणी जिन्यावर असला तर धाडधाड वाजतं, बहिऱ्यालाही ऐकू येईल इतकं. आम्ही तिघं माइकवर बोंबलत असू, "काका, जिना. काका, वर आलाय." आणि काका खिडकीपाशी शांतपणे बाहेरचा रस्ता न्याहाळत उभे. मागून येऊन कुणीही त्यांना उडवायचा. इअरफोन लावा म्हटलं तर म्हणायचे, "कानात बोंडं घालून कोन लढतो?"

त्यांचा माइक मात्र कायम चालू असायचा. त्यामुळे दापोड्यातलं त्यांचं अख्खं घर आम्हाला ऐकू यायचं. काकी "अहो, कुकर" म्हणून ओरडताहेत. एक शिट्टी, दोन, चार, सात. काका हलत नाहीत. "चाचा डाल की खीर बना रहे हैं," इम्रान म्हणायचा. कल्पेश म्हणायचा, "म्हातारं बग कसं परत गाडी लावतंय." आणि मी, तोंडाने सगळ्यात वाईट मीच, म्हणायचे, "कुणीतरी यांना घरी बसवा रे." काका कधी एका शब्दाने उत्तर देत नसत. आम्हाला वाटे, केवढा दिलदार माणूस. पुन्हा दुसऱ्या दिवशी डॉकवर हसतमुख. मग आम्ही अजून चेकाळायचो.

त्यांच्याशी मागून बोललेलं त्यांना चालत नसे. "पुढं यून बोल. पाठीवर बोलायची आपल्यात रीत न्हाय." फोन उचलत नसत, मेसेज टाका म्हणत. आम्ही या सगळ्याला जुन्या माणसाची शिस्त समजत होतो. दोन वर्षं रोज एकत्र जेवूनही आमच्या तिघांच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी स्वतःला हुशार समजते, म्हणून हे मुद्दाम लिहून ठेवते आहे.

मग नोटीस लागली. डॉकवर आणि फोर्कलिफ्टच्या वाटेत काम करणाऱ्या सगळ्यांची कानांची तपासणी होणार, जो नापास होईल त्याला डॉकवर उभं राहता येणार नाही. फोर्कलिफ्ट मागे येताना भोंगा वाजवते, तो ऐकू आला नाही तर माणूस चाकाखाली जाईल, असं मॅनेजरसाहेबांनी सांगितलं. आणि ते खरंही होतं.

त्या संध्याकाळी काका खेळायला आले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला त्यांनी रॅम्पच्या मागे बोलावलं.

"बाय, त्या तपासनीत काय करतात?"

मी सांगितलं, की कानाला हेडफोन लावतात, त्यात बारीक आवाज येतो. तो आला की हातातलं बटण दाबायचं.

"किती येला येतो?"

"तसं काही ठरलेलं नसतं."

"एक झाला का दुसरा किती येलानं?"

"काका, ऐकू आलं की दाबायचं. त्यात मोजायचं काय?"

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. आणि तेव्हा, इतक्या उशिरा, माझ्या लक्षात आलं. कुकर, जिना, पाठीवर न बोलायची रीत, सगळं एकदम लक्षात आलं. काका अख्खं आयुष्य डोळ्यांनी ऐकत होते. मला माझ्याच तोंडाची शिसारी आली.

"डॉक गेला तर मी काय करू ग," ते म्हणाले. "वरती बसून खोकी मोजू? गाडी लावता येते, यवढंच येतं मला आता."

मी इम्रानला आणि कल्पेशला सांगितलं. इम्रान म्हणाला, "तो क्या, चाचा ने दो साल हमारी पीठ संभाली है." आणि आम्ही एक डावपेच आखला. फोर्कलिफ्टवर बसून मागचा माणूस न दिसणं म्हणजे काय हे इम्रानला माहीत होतं. तरीही आखला. कर्मचाऱ्यांची यादी माझ्याकडेच होती, तेव्हा नंबर वाचून दाखवायच्या निमित्ताने मी तपासणीच्या जागी दारात उभी राहणार. तपासणाऱ्या बाईंनी मशीनवर आवाज सोडला की तिथला दिवा लागणार, तो बघून मी बोटं कात्रीसारखी करणार आणि काका बटण दाबणार. आमच्या गेममध्ये असा एकही बेत कधी तडीस गेला नव्हता, हे आम्ही सोयीस्कर विसरलो.

तपासणीची व्हॅन आली ती डॉकवरच लावायची होती. तिच्या ड्रायव्हरला मागे घेता येईना. तेव्हा काकाच पुढे झाले. आरशात दिसतील असे उभे राहिले, चार बोटं हलवली आणि स्वतःला नापास करायला आलेली गाडी एका झटक्यात जागेवर बसवून दिली. ड्रायव्हरने त्यांना हात जोडले.

काकांचा नंबर आला. मी यादी छातीशी धरून दारात उभी. आत एक छोटीशी केबिन, त्यात खुर्ची, आणि खुर्चीचं तोंड भिंतीकडे. तपासणाऱ्या बाईंकडे पाठ करूनच बसवतात, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. कॅमेरा फिरवून मागे बघायची तिथे काहीच सोय नव्हती.

काका बसले. हेडफोन लागले. हातात बटण दिलं. बाई आपल्या वहीत त्यांचं नाव लिहीत होत्या. आणि काकांनी बटण दाबायला सुरुवात केली. एक, मग थोडं थांबून दोन, मग तेवढंच थांबून तीन. अगदी एका लयीत, माग चालावा तसं. कुठला तरी हिशेब त्यांनी मनाशी बांधला होता आणि ते मान ताठ ठेवून तो पाळत होते.

बाईंनी वर बघितलं. त्यांनी पुढे जाऊन हेडफोन थोडा बाजूला केला आणि त्या मोठ्याने म्हणाल्या, "काका, मी अजून आवाज सुरूच केलेला नाही."

त्या चांगल्या होत्या, हसल्या नाहीत. पण बाहेर रांगेत उभे असलेले दोघं फिस्सकन हसले. काकांना ते ऐकू आलं नाही, पण माझा चेहरा त्यांनी वळून बघितला आणि त्यावरून त्यांना कळलं. मी घाईघाईने बाईंना काहीतरी थाप मारायला तोंड उघडलं. काकांनी मूठ वळली आणि मनगट फिरवलं. बंद कर.

मग ते बाईंना म्हणाले, "लिवा. ऐकू येत न्हाय मला."

बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. ते अख्ख्या डॉकला ऐकू गेलं. तीस-पस्तीस वर्षांत हे वाक्य त्यांनी कुणाला, घरच्यांनासुद्धा, सांगितलं नव्हतं. मी यादी तिथेच टाकून बाथरूममध्ये गेले आणि रडले.

त्यांना वरच्या मजल्यावर परत आलेला माल मोजायला बसवलं. कानाचं मशीन आलं की पुन्हा तपासणी करू आणि पास झालात तर डॉक परत देऊ, असं मॅनेजरसाहेबांनी लेखी दिलं. खाली शिट्टी फुंकणारा नवा माणूस आला. पहिल्याच आठवड्यात त्याने दोन कंटेनर खांबाला घासवले. मग हळूहळू गाड्या पुन्हा सुरळीत लागायला लागल्या. नवा माणूस खूश झाला. शिट्टीचा गुण म्हणून सांगायला लागला. प्रत्यक्षात ड्रायव्हर लोक त्याच्याकडे बघतच नव्हते. ते माना वर करून पहिल्या मजल्याच्या खिडकीकडे बघत होते. तिथे एका हातात परत आलेली चप्पल आणि दुसऱ्या हाताची चार बोटं हलताहेत, असे काका उभे असायचे. मॅनेजरसाहेबांनी हे पाहिलं तेव्हा त्यांनी नुसती खिडकीखालची खोकी दुसरीकडे हलवून घेतली, म्हणजे काकांना नीट उभं राहता यावं.

महिनाभराने मशीन आलं. पुढच्या सोमवारी पुन्हा तपासणी झाली, त्यात काका काठावर पास झाले आणि डॉकवर परत आले. मी ते गोडाऊन नंतर सोडलं, पण कल्पेश सांगतो की अजूनही गाड्या तेच लावतात.

मला सांगायचंय ते त्या सोमवारच्या आदल्या दिवसाचं. रविवारी संध्याकाळी आठला आम्ही चौघं बऱ्याच दिवसांनी खेळायला बसलो. उतरलो, अर्थात गोडाऊनमध्ये. जीप मिळाली. गोळीबार सुरू झाला, काकांनी आम्हाला भिंतीपाशी आणून सोडलं आणि जीप पुढे-मागे करायला लागले. जुनी सवय कुठे जाते. कल्पेश माइकवर म्हणाला, "म्हातारं परत गाडी लावतंय." इम्रान म्हणाला, "चाचा, कल तक लगा लो." आणि मी, देवा, मी म्हटलं, "कुणीतरी यांना घरी बसवा रे."

जीप थांबली.

आम्हा तिघांना एकाच वेळी आठवलं की काकांच्या कानात आता मशीन आहे. डोंगरावरून गोळ्या येत होत्या, तेवढाच काय तो आवाज. काकांच्या घरातून काकींनी भांडं ठेवल्याचं ऐकू आलं.

मग काका बोलले. दोन वर्षांत माइकवर पहिल्यांदा, आणि अगदी हळू. "हे तुमी रोजच बोलत व्हते?"

खोटं बोलायला माझी जीभ वळेना. "हो काका," मी म्हटलं. "रोज. चुकलं आमचं."

"दोन वरीस?"

"हो."

पलीकडून नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी फोन ठेवून द्यायच्या बेतात होते.

"आनि मी आपला समजत व्हतो का मी यकलाच खेलतोय," काका म्हणाले. "गप का झालात? बोला की."